बाबांच्या एफडीवर माझं नाव

पत्राचा सारांश: पत्रलेखक मूळ सातारा जिल्ह्यातले, वय ३४, संगणक अभियंता. १८ ऑगस्ट २०२४ ला एच-वन-बी व्हिसावर न्यू जर्सीत आले. पत्नी जानेवारी २०२५ मध्ये एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर आली. पुण्यात वाकडला फ्लॅट आहे, तो भाड्याने दिलाय. पीपीएफमध्ये ९ लाख, जुन्या पगाराच्या खात्यात ४ लाख, म्युच्युअल फंडांत साधारण १६ लाख, आणि १५ हजारांची एसआयपी अजून चालू. गावच्या सातबाऱ्यावर त्यांचंही नाव आहे. वडील निवृत्त शिक्षक. त्यांनी मिळालेले पैसे बँकेत आणि गावच्या पतसंस्थेत ठेवताना बहुतेक पावत्यांवर दुसरं नाव मुलाचं घातलंय. मंडळाच्या दिवाळीत एक जण म्हणाले, 'तिकडचं इकडे सांगायचं नसतं, कोण बघतंय?' दुसऱ्याने सांगितलं, 'प्रत्येक खात्यामागे १० हजार डॉलर दंड बसतो.' ब्रॅम्प्टनचा मामेभाऊ म्हणतो, पहिल्या वर्षी काही दाखवावं लागत नाही. तेव्हापासून झोप उडालीय. सगळं आईच्या नावावर करून मोकळं व्हावं असं वाटतं. चार-पाच वर्षांत परत जायचा बेत आहे. पत्राच्या शेवटी कंसात एक ओळ आहे: 'बाबांना हे सगळं विचारायचं कसं, तेही कळत नाही.'

उत्तर:

तुमच्या पत्रात प्रश्न पाच आहेत. पण माझ्या मते खरा प्रश्न तो कंसातलाच. त्याच्याकडे शेवटी येते. आधी झोपेचं बघू.

तुम्ही धरून चाललाय की दीड वर्ष तुम्ही काहीतरी लपवलं. तसं झालेलं नाही. अमेरिकेत व्हिसा मिळाला म्हणजे त्याच दिवशी माणूस करासाठी रहिवासी होतो असं नाही, तिथे दिवस मोजतात. त्या वर्षी किमान ३१ दिवस, आणि चालू वर्षाचे सगळे दिवस, त्यात गेल्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचा एक षष्ठांश मिळवून १८३. तुम्ही १८ ऑगस्टला उतरलात. डिसेंबरअखेर तुमचे १३६ दिवस भरतात. आधी कधी आला नसाल, तर २०२४ साली अमेरिकेच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी होता आणि भारतातल्या खात्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. तुमचं पहिलं पूर्ण वर्ष २०२५. त्याचं विवरणपत्र भरायची मुदत १५ एप्रिल २०२६ ला संपते. म्हणजे उशीर झालेला नाही. तुम्ही अगदी वेळेवर घाबरलात.

एक गोष्ट मात्र आज संध्याकाळीच तपासा. २०२४ सालचं विवरणपत्र 'मित्राने सॉफ्टवेअरवर भरून दिलं' असं तुम्ही लिहिता. त्याच्या पहिल्या पानाच्या माथ्यावर १०४०-एनआर, म्हणजे अनिवासींचा फॉर्म, छापलंय की नुसतं १०४०, म्हणजे रहिवाशांचा? नवीन आलेल्या मंडळींकडून नुसतं १०४० भरलं जाणं ही फार नेहमीची चूक आहे. त्यात अनिवासी माणसाला सहसा न मिळणारी स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) घेतली जाते आणि परतावा फुगतो. तसं झालं असेल तर सुधारित विवरणपत्र भरता येतं. नोटीस यायच्या आत आपणहून सुधारलेली चूक पुष्कळ स्वस्त पडते.

आता मूळ गोंधळाकडे. 'भारतात कर भरलाय, मग इथे परत कशाला?' असं तुम्ही विचारलंय. यात दोन क्रियापदं एकमेकांत मिसळलीत: सांगणं आणि भरणं. अमेरिकेत रहिवासी झालेल्या माणसाने जगभरातलं उत्पन्न सांगायचं असतं. किती भरायचं, हा पुढचा हिशोब. भारतात त्याच उत्पन्नावर कर भरला असेल तर त्याचं श्रेय घेता येतं, दोन देशांमधला करार त्यासाठीच आहे. पण करारामुळे सांगण्यातून सुटका होत नाही, आणि आपल्याकडचं 'करमुक्त' तिथे करमुक्त ठरत नाही. पीपीएफचं व्याज, एनआरई ठेवीचं (अनिवासी भारतीयांनी परदेशातली कमाई भारतात ठेवायच्या खात्यातलं) व्याज, शेतीचं उत्पन्न, सगळं तिथे मोजायचं. मी स्वतः पहिली काही वर्षं एनआरईचं व्याज सोडून दिलं होतं, कारण बँकेच्या पत्रकावर ठळक अक्षरांत 'टॅक्स फ्री' लिहिलं होतं. कोणत्या देशात ते लिहिलेलं नव्हतं.

सांगण्याचा सगळ्यात मोठा कागद म्हणजे एफबार, परदेशी खात्यांचा अहवाल. वर्षातल्या कुठल्याही एका दिवशी परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज १० हजार डॉलरच्या वर गेली, की तो भरायचा. रुपयांत साधारण नऊ लाख. तुमचा पीपीएफ आणि बचत खातं एवढ्यानेच ती मर्यादा ओलांडली जाते. तो ऑनलाइन भरतात, फी नाही, त्यावर एक पैसा कर नाही. मुदत १५ एप्रिल, आणि न मागता १५ ऑक्टोबरपर्यंत वाढ मिळते. बचत खातं, एफडी, पीपीएफ, डीमॅट, फंडांचे फोलिओ, रोख मूल्य असलेली विमा पॉलिसी, हे सगळं त्यात येतं. वाकडचा फ्लॅट येत नाही. सातबारा येत नाही. तुमच्या पत्नीच्या लॉकरमधले दागिनेही येत नाहीत, हे त्यांना मुद्दाम सांगा. पण त्यांच्या माहेरच्या बँकेत त्यांचं खातं असेल तर ते येतं, आणि ती १० हजारांची मर्यादा ओलांडली असेल तर त्यांचा एफबार वेगळा. मोठ्या रकमांसाठी विवरणपत्राबरोबर फॉर्म ८९३८ असतो. अमेरिकेत राहून एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याला तो वर्षअखेर १ लाख डॉलर किंवा वर्षात कधीही दीड लाख डॉलरच्या पुढे लागतो. तुम्ही सांगितलेले आकडे पाहता तुम्ही अजून त्याच्या अलीकडे आहात.

आकडे गोळा करताना एक अडचण येईल. आपली बँक व्याजाचा दाखला एप्रिल ते मार्चचा देते, अमेरिकेत जानेवारी ते डिसेंबर लागतं. दाखल्यावर विसंबू नका. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर अशी तारीख घालून खात्याचा उतारा काढा आणि व्याजाच्या नोंदी स्वतः बेरजेला घ्या. जानेवारीतच हे केलं तर अर्धा तास जातो. एप्रिलमध्ये केलं तर रात्र.

'कोण बघतंय?' असं म्हणणाऱ्या गृहस्थांना नमस्कार करून पुढे जा. भारत आणि अमेरिकेत २०१५ साली खात्यांच्या माहितीच्या देवाणघेवाणीचा करार झाला. अमेरिकेत करासाठी रहिवासी असलेल्या ग्राहकांची माहिती आपल्या बँका त्यानुसार कळवतात. केवायसी करताना 'आपण दुसऱ्या देशात करदाते आहात का' हा प्रश्न त्यासाठीच असतो. दुसऱ्या मित्राचा आकडाही अर्धवट आहे. हेतू नसताना राहिलेल्या एफबारचा दंड खात्यागणिक नव्हे, न भरलेल्या अहवालागणिक लावायचा, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवलंय. आणि उत्पन्न सगळं दाखवलंय, फक्त एफबार राहिला, अशांना उशिरा का होईना विनादंड भरायची वाटही आहे. जाणूनबुजून लपवलं, तर मात्र शिल्लक रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड जाऊ शकतो. तेव्हा हे पत्र वाचणाऱ्या ज्यांची तीन-चार वर्षं राहिलीत, त्यांनी 'यंदापासून गुपचूप भरू' असं न करता आधी सीपीएकडे, म्हणजे अमेरिकेतल्या सनदी लेखापालाकडे, जावं.

आता आईच्या नावावर करण्याबद्दल. नियमाने आईला भेट देता येते, आणि भारतात तिला त्यावर कर लागत नाही. पण तुम्हाला त्यातून हवंय काय? एफबारमधून सुटका हवी असेल तर ती मिळणार नाही. त्यात वर्षातली सगळ्यात मोठी शिल्लक विचारतात, आणि जानेवारीत ती तुमच्याच नावावर होती. मग 'आईच्या नावावर, पण व्यवहार मीच बघतो' असं होणार असेल, तिच्या खात्यावर तुमची सही चालणार असेल, तर ते खातंही तुमच्या एफबारमध्ये आलं. आणि खरोखरच दिलेत, तर ते पैसे आईचे झाले. उद्या तिच्या पश्चात त्यात तुमच्या ताईंचाही हक्क. त्याला तुमची हरकत नसेलही, पण मग ते कराच्या भीतीने न करता तुमच्या इच्छेने करा. घाईत केलेल्या अशा नावबदलांवरून सख्खी भावंडं बोलेनाशी झालेली मी पाहिलीत.

बाबांच्या एफडींबद्दल तुम्ही लिहिलंय, 'ते माझे पैसेच नाहीत, मग माझा काय संबंध?' पैसे त्यांचे, हे खरं. पण एफबार मालकी विचारत नाही, नाव आणि सही विचारतो. दुसरं नाव तुमचं असलं तरी त्या खात्याची पूर्ण रक्कम तुमच्या अहवालात लिहायची, पतसंस्थेच्या पावत्यांसकट. व्याजाचं मात्र तसं नाही. मूळ रक्कम बाबांची, पॅन बाबांचा, व्याज त्यांच्याच विवरणपत्रात, तर ते उत्पन्न त्यांचं. तुमच्या अमेरिकेतल्या विवरणपत्रात ते येत नाही. त्यांच्या विवरणपत्राची एक प्रत आणि पैसे त्यांच्या खात्यातून गेल्याचा पुरावा जवळ ठेवा, पुरे.

बाबांनी तुमचं नाव का घातलं असेल? त्यांच्या पिढीत पावतीवर मुलाचं नाव म्हणजे 'आमच्या माघारी धावपळ नको' याची सोय. तेवढीच सोय नॉमिनी नेमून, म्हणजे नामनिर्देशनाने, होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींवर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं, वाटाही ठरवून देता येतो. म्हणजे ठेव बाबांची एकट्याची किंवा आई-बाबांची, आणि नामनिर्देशनात तुम्ही आणि ताई दोघं. पुढच्या नूतनीकरणाला ठेवी अशा करून घेतल्या तर तुमचा कागद हलका होतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे स्वीकारणारा विश्वस्त. त्यामुळे बाबांनी साधं मृत्युपत्र केलं तर बरंच. मुदतीआधी एफडी मोडू नका, व्याज बुडवायची काही गरज नाही.

खरा पैशाचा फटका जिथे आहे तिथे तुमचं लक्षच नाही: म्युच्युअल फंड. अमेरिकेचा कायदा आपल्या फंडांना परदेशी निष्क्रिय कंपनी समजतो. युनिट विकल्यावर झालेला नफा धरलेल्या वर्षांवर विभागतात, आणि रहिवासी असतानाच्या मागच्या वर्षांच्या वाट्याला त्या त्या वर्षाचा सर्वांत वरचा दर लावून वर व्याज आकारतात. वरचा दर सध्या ३७ टक्के. भारतात भरलेल्या साडेबारा टक्क्यांचं श्रेय धरूनही हे जड जातं. आणि जितकी वर्षं अमेरिकेत बसून युनिटं धराल, तितकं गणित महाग होत जातं. म्हणून एसआयपी या महिन्यात थांबवा. तसंही अनिवासी झाल्यावर केवायसी न बदलता ती चालू ठेवणं बरोबर नाही, आणि अमेरिकेत राहणाऱ्यांचे पैसे घ्यायला बरेच फंड तयारच नसतात.

आधीच्या १६ लाखांचं काय, हे घाईत ठरवू नका. रक्कम लहान असल्याने दरवर्षी फंडांसाठी भरायच्या ८६२१ या किचकट फॉर्ममधून तुम्हाला सूट मिळू शकते, पण विकाल तेव्हा नियम लागणारच. दुसरी वाट म्हणजे दरवर्षी बाजारभावाने नफा-तोटा दाखवत जायची निवड करणं. नव्याने रहिवासी झालेल्याला त्यात एक सवलत आहे: तुमची मूळ किंमत त्या पहिल्या वर्षाच्या पहिल्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात. म्हणजे त्याआधीची वाढ त्या हिशोबातून बाहेर राहते. मात्र ही निवड वेळेत भरलेल्या विवरणपत्रातच करायची असते. तुमचं ते वर्ष २०२५, म्हणजे आत्ताच. सीपीएला फोन करून पहिलं वाक्य 'भारतातले फंड आहेत, आठ-सहा-दोन-एक भरता का?' हे म्हणा. समोरून 'ते काय असतं?' असं आलं तर आभार मानून दुसरा शोधा. थेट घेतलेल्या साध्या शेअरांना हा जाच सहसा नाही.

मामेभावाचं म्हणणं खोटं नाही, पण ते कॅनडाचं आहे. तिथे परदेशी मालमत्तेचा अहवाल रहिवासी झाल्याच्या पहिल्या वर्षी भरावा लागत नाही, आणि पाऊल ठेवलं त्या दिवसाचा बाजारभाव हीच पुढची मूळ किंमत धरतात. अमेरिका शेअर आणि घराला तशी नवी किंमत देत नाही, तुम्ही पुण्यात दिलेलीच धरते. ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून नव्याने येणाऱ्यांना परदेशी उत्पन्नावर चार वर्षांची सूट दिलीय. ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या व्हिसावरच्यांचं परदेशी गुंतवणुकीचं उत्पन्न बहुतांशी कराबाहेर असतं. तेव्हा नातेवाइकाचा सल्ला घेताना आधी तो कुठून बोलतोय ते बघावं.

भारताकडची कामं थोडक्यात. जुनं पगाराचं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं भारतातल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्या. नोकरीसाठी देश सोडल्यावर साधं निवासी खातं तसंच चालवायची परवानगी नाही. एनआरओच्या व्याजावर सेस धरून ३१.२ टक्के कर कापतात. करारानुसार १५ टक्क्यांचा दर मिळतो, त्यासाठी अमेरिकेचा करनिवासाचा दाखला बँकेला द्यावा लागतो. त्याची फी ८५ डॉलर आहे, म्हणून आधी व्याज किती होतं ते पाहा. ४ लाखांवरच्या बचत खात्याच्या व्याजासाठी तो खर्च परवडायचा नाही. पीपीएफ पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत चालू ठेवता येतो, पुढे वाढवता येत नाही. वाकडच्या भाडेकरूने, मालक अनिवासी असल्याने, भाड्यातून कर कापायला हवा. हे बहुतेक भाडेकरूंना माहीतच नसतं, आणि जबाबदारी त्यांच्यावर येते, म्हणून त्या बिचाऱ्यांना तुम्हीच सांगा. जास्त कापलेला कर भारतात विवरणपत्र भरून परत मिळतो. ते भाडं अमेरिकेतही दाखवायचं, तिथे घसारा वजा होतो. वारशाची शेतजमीन ठेवायला हरकत नाही, नवी मात्र अनिवासी असताना विकत घेता येत नाही.

'चार-पाच वर्षांत परत' याबद्दल. हे वाक्य न्यू जर्सीत मी इतक्या जणांकडून ऐकलंय, की त्यावर योजना बांधायला मी कचरते. तरी धरून चालू. परतल्यावर दोन-तीन वर्षं परदेशी उत्पन्नावर भारतात कर नसतो, असं तुम्ही ऐकलं असेल. ती सवलत 'निवासी पण सामान्यतः निवासी नसलेल्या' माणसाला आहे. तिच्यासाठी मागच्या सात आर्थिक वर्षांत भारतात ७२९ दिवसांहून जास्त राहिलेलं नसावं, किंवा दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असावं. तुम्ही ऑगस्ट २०२९ मध्ये परतलात तर त्या सात वर्षांत २०२२-२३ आणि २०२३-२४ ही दोन पूर्ण वर्षं येतात. तिथेच ७३१ दिवस झाले. सवलत गेली. तेच एप्रिल २०३० नंतर परतलात आणि मधल्या सुट्ट्या आटोपशीर असल्या, तर मिळू शकते. फोर-ओ-वन-के, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तिखात्यात, कंपनी भर घालते तेवढं तरी नक्की भरा, पण साडेएकोणसाठच्या आधी काढलं तर १० टक्के दंड असतो हे धरून. सोशल सिक्युरिटीचं पेन्शन साधारण दहा वर्षं भरल्याशिवाय सुरू होत नाही, आणि भारताशी त्याबाबत करार नाही. ते पैसे तूर्त विसरा.

आणि आता बाबा. 'तुमच्या पैशांची यादी द्या' असं मुलाने अमेरिकेतून म्हटलं, तर शिक्षक माणूस दोन दिवस गप्प बसेल. त्यांना वाटेल, वाटणी निघाली. म्हणून तुमच्या कागदापासून सुरुवात करा: 'बाबा, मला इथल्या सरकारला लिहून द्यायचंय की कुठकुठल्या खात्यावर माझं नाव आहे. पैसे तुमचेच आहेत हेही लिहिणार आहे. मला नुसत्या पावत्या बघायच्यात.' ताईंनाही त्याच फोनवर घ्या, नंतर वेगळं सांगायला नको. नामनिर्देशनाचा विषय त्या दिवशी काढू नका, तो पुढच्या भेटीत, समोरासमोर. रविवारी तुमच्याकडे सकाळचे साडेआठ म्हणजे हिवाळ्यात तिकडे संध्याकाळचे सात, बाबांचा चहा झालेला असेल. फोटो मात्र ताईंना काढायला सांगा. वडिलांनी काढलेल्या फोटोत पावतीपेक्षा अंगठा जास्त दिसतो.